बागेतला सामायिक रस्ता: चालणारे आणि सायकलवाले एकमेकांना न धडकता कसे मावतील?

पायवाट

बाग समितीच्या बैठकीत हा विषय निघाला की दोनच सूचना येतात. "सायकली बंद करा" किंवा "पाटी लावा". पहिलीने शाळकरी पोरांची सायकल थेट हमरस्त्यावर जाते, दुसरीने काहीच होत नाही. म्हणून नुसत्या तक्रारींऐवजी आकडे, मापं आणि बांधकामाचे तपशील एका जागी यावेत यासाठी हा धागा. "हल्लीची मुलं" हा विषय इथे नको, त्याचे धागे भरपूर आहेत.

सुरुवात मी करतो. चालणारा ताशी ५ किमी, रमतगमत जाणारी सायकल १५, व्यायामवाली २५. सेकंदात बोलायचं तर सायकल ४.२ ते ६.९ मीटर जाते. माणूस दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद धरा आणि कोरड्या रस्त्यावर बेताचा ब्रेक धरा (दर सेकंदाला वेग ३ मीटर प्रतिसेकंदाने कमी होईल असा). मग थांबायला लागणारं एकूण अंतर असं येतं:

ताशी १५ ला ७ मीटर
ताशी २० ला पावणेअकरा मीटर
ताशी २५ ला १५ मीटर

ओल्या फरशीवर ब्रेकची ताकद निम्मी धरली तर ताशी १५ ला १० मीटर लागतात आणि ताशी २५ ला थेट २३. म्हणजे वेग पावणेदोन पटही वाढलेला नाही, अंतर मात्र दुपटीहून जास्त. धडकेतली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे २५ ची धडक १५ च्या पावणेतीन पट जोराची. पाटीवर "सावकाश चालवा" लिहिणाऱ्याने हे एकदा वाचावं. सावकाश म्हणजे किती?

---

खडीकाम

धागा आवडला. रुंदीचं गणित मी मांडतो, कारण निम्मी भांडणं रुंदीतून येतात आणि दोष माणसांना लागतो.

शेजारी शेजारी बोलत चालणाऱ्या दोघांना १.५ मीटर लागतो. सायकल उभी असते तेव्हा हँडलएवढी असते, पण चालताना डुलते, म्हणून तिला १ मीटर. दोघांच्या मध्ये निदान पाऊण मीटर मोकळा. कडेच्या कर्बपासून पाव मीटर. बेरीज ३.५ मीटर. आपल्याकडच्या बागेतले ट्रॅक बहुतेक २ ते २.५ मीटरचे. २.५ मध्ये दोन माणसं आणि एक सायकल बसते, पण मध्ये बोटभरही जागा उरत नाही. मग सायकलवाला एक तर हिरवळीवर उतरतो किंवा दोघांच्या मधून घुसतो.

ब्रिटनच्या २०२० च्या सायकल आराखडा मार्गदर्शिकेत सामायिक वाटेसाठी तासाला ३०० सायकलींपर्यंत ३ मीटर आणि त्यापुढे ४.५ मीटर रुंदी सांगितली आहे, आणि गर्दीच्या शहरी जागी सामायिक वाट हा शेवटचा पर्याय मानला आहे. आपल्याकडे तोच पहिला पर्याय असतो. ट्रॅक २.५ चा असेल तर सरळ सांगावं की इथे एकावेळी दोन्ही चालणार नाही, वेळा वाटून घ्या.

आणखी एक. नकाशातली रुंदी आणि खरी रुंदी वेगळी. बाकडं ट्रॅकला चिकटून ठेवलं की बसलेल्याचे पाय अर्धा मीटर आत येतात. कचरापेटी, दिव्याचा खांब, व्यायामाची यंत्रं, सगळं कडेपासून निदान अर्धा मीटर मागे हवं. बाकडं असेल तर एक मीटर. मोजताना टेप कर्बपासून कर्बपर्यंत धरू नका, अडथळ्यापासून अडथळ्यापर्यंत धरा.

---

डुरंटा_कापा

खडीकाम यांच्या यादीत वळणं राहिली. बागेतल्या वळणाच्या आतल्या बाजूला हमखास डुरंटा किंवा मेंदीचं कुंपण असतं, खांद्याएवढं वाढलेलं. त्यामागून चालत येणारं चार वर्षांचं मूल सायकलवाल्याला दिसणं शक्यच नाही.

किती कापायचं याचं सोपं सूत्र आहे: थांबायला लागणाऱ्या अंतराचा वर्ग, भागिले वळणाच्या त्रिज्येची आठपट. त्रिज्या १५ मीटर आणि अंतर १५ मीटर असेल तर २२५ भागिले १२०, म्हणजे जवळपास १.९ मीटर. सायकल ज्या रेषेवरून जाते तिथून आत १.९ मीटरपर्यंत नजर मोकळी हवी. पावसाळ्याचं २३ मीटर अंतर घेतलं तर हाच आकडा ४.४ वर जातो. एवढी जागा कुठलीच बाग देणार नाही. म्हणून अशा वळणावर झाडं कापण्यापेक्षा वेग उतरवणं स्वस्त.

उंची किती ठेवायची? गुडघ्याएवढी, ५०-६० सेंटिमीटर. माळी "छाटलं" म्हणतो तेव्हा वरून चार बोटं गेलेली असतात, म्हणून कामाच्या आदेशात सेंटिमीटर लिहा. बोगनवेल वरून लोंबत असेल तर ती सव्वादोन मीटरच्या वर बांधून घ्या, नाहीतर सायकलवाला मान चुकवायला नेमका चालणाऱ्यांच्या बाजूला झुकतो.

---

साखळी_उतरली

मग सोपं आहे की. मधोमध पांढरी रेघ मारा, इकडे चाकं, तिकडे पाय. एवढा काथ्याकूट कशाला?

---

खडीकाम

रेघेने दोन गोष्टी होतात. सायकलवाल्याला वाटतं ही माझी गल्ली, आणि तो वेग वाढवतो. चौघांच्या घोळक्याला रेघ दिसतच नाही. भांडण होतं तेव्हा मात्र दोघंही रेघेकडेच बोट दाखवतात.

दृष्टिहीन माणसाला रंगाची रेघ म्हणजे शून्य. ब्रिटनमध्ये याला उत्तर म्हणून उंचवट्याच्या पट्ट्यांच्या फरशा वापरतात. चालणाऱ्यांच्या बाजूच्या तोंडाशी पट्ट्या आडव्या, शिडीसारख्या. सायकलच्या बाजूला त्याच पट्ट्या उभ्या, ट्रामच्या रुळासारख्या. काठीला आणि तळव्याला फरक लगेच कळतो, आणि आडव्या पट्ट्यांवरून सायकल खडखडत जात असल्याने तोही आपणहून दुसऱ्या बाजूला वळतो. मधली रेघही सपाट नसते, १२ ते २० मिलिमीटर उंच आणि उताराच्या कडांची असते. आपले कंत्राटदार या फरशा कुठल्याही दिशेने बसवतात. त्यातली उभ्या-आडव्याची अदलाबदल म्हणजे आंधळ्या माणसाला सायकलच्या वाटेवर नेऊन सोडणं.

खरं वेगळेपण हवं असेल तर पातळी बदला. चालण्याची वाट ५-६ सेंटिमीटर वर, मध्ये तिरकी कड. किंवा मध्ये एक मीटर हिरवळ. रंगापेक्षा हे महाग पडतं, पण एकदाच करावं लागतं.

---

पूर्वकिनारा

सिंगापूरचं सांगतो, कारण इथे हा प्रयोग कायद्याने झाला आहे आणि चुकाही झाल्या आहेत.

सायकल मार्ग आणि बागा जोडणाऱ्या वाटांवर कमाल वेग ताशी २५. पदपथावर आधी १५ होता, फेब्रुवारी २०१९ पासून १०. नोव्हेंबर २०१९ मध्ये ई-स्कूटरना पदपथ पूर्ण बंद केला. १ जुलै २०२५ पासून जिथे शेजारी स्वतंत्र सायकल मार्ग आहे तिथला पदपथ फक्त चालणाऱ्यांसाठी. म्हणजे प्रवास "सगळे मिळून वापरू" कडून "वेगळं करू" कडे झाला आहे, उलटा नाही. हे भारतातल्या आराखडा करणाऱ्यांनी लक्षात घ्यावं.

ऑगस्ट २०२० मध्ये अजून एक नियम आला, तो मला जास्त कामाचा वाटतो: सार्वजनिक वाटेवरच्या सायकलला निदान एक चालू हातब्रेक हवाच. बिनब्रेकच्या फिक्स्ड गिअर सायकलींवर (चाक फिरतं तोवर पॅडलही फिरतच राहतं अशा) हा रोख होता.

ईस्ट कोस्ट पार्कमध्ये बहुतेक ठिकाणी सायकलची आणि चालण्याची वाट वेगळी आहे. तरी गडबड होते ती खाण्याच्या टपऱ्या, स्वच्छतागृहं आणि समुद्राकडे जाणाऱ्या पायवाटा यांच्यापाशी, जिथे माणसं सायकल मार्ग आडवा ओलांडतात. अशा जागी सायकलवाल्याला आधीच कळायला हवं. पृष्ठभागाचा रंग आणि पोत १५ ते २० मीटर आधी बदलला तर कळतं. ओलांडण्याच्या जागेवरच बदलला तर उशीर झालेला असतो.

---

टिंगटिंग

घंटेबद्दल कोणीच बोललं नाही! सायकलवाल्यांनी घंटा वाजवली तर निम्मा प्रश्न सुटेल.

---

साखळी_उतरली

घंटा वाजवली तर लोक अंगावर येतात. "बाग काय तुझ्या बापाची?"

---

पायवाट

दोघंही बरोबर, फरक अंतराचा. तीन मीटरवरून घंटा वाजली तर माणूस दचकतो, मागे वळतो, आणि वळताना एक पाऊल बाजूला टाकतो. कुठल्या बाजूला ते त्यालाही ठाऊक नसतं. जोडीने चालणारे असतील तर एक डावीकडे, एक उजवीकडे, आणि मग हात धरून दोघं पुन्हा मध्ये. हे दृश्य सगळ्यांनी पाहिलं आहे.

घंटा २० मीटरवरून, एकदाच, हलकी. सायकल १५ ने आणि माणूस ५ ने त्याच दिशेने जात असेल तर अंतर सेकंदाला २.८ मीटरने कमी होतं, म्हणजे २० मीटरला सात सेकंद मिळतात. तेवढ्यात म्हातारा माणूसही सावकाश कडेला होतो. मग १० मीटरवर पाय थांबवायचे, वेग चालणाऱ्याच्या दुपटीवर आणायचा, आणि "उजवीकडून जातो, काका" असं तोंडाने म्हणायचं. घंटेपेक्षा माणसाचा आवाज कमी बोचतो. कोणी सरकलं नाही तर ऐकू येत नाही असं समजायचं, कानात इअरफोन असेल किंवा कान गेले असतील. दुसऱ्यांदा जोरात घंटा हा उपाय नाही, पाय टेकवणं हा आहे. ब्रिटनच्या हायवे कोडच्या ६३ व्या नियमातही हेच आहे: मागून येताना जवळून किंवा वेगात जाऊ नका, आणि समोरचा बहिरा किंवा दृष्टिहीन असू शकतो हे धरून चला.

प्रेशर हॉर्न आणि मोबाइलवर गाणी लावलेला स्पीकर हे घंटेचे पर्याय नव्हेत.

---

प्रदक्षिणा

तलावाभोवतीच्या गोल ट्रॅकसाठी एक युक्ती. चालणारे एका दिशेने, सायकली उलट दिशेने. मग मागून कोणी येतच नाही, सगळ्या भेटी समोरासमोर. आपल्याकडे देवळाच्या सवयीने बरेच जण घड्याळाच्या काट्याप्रमाणेच फिरतात, तेव्हा सायकली उलट्या फिरवल्या की झालं.

व्हँकूव्हरच्या स्टॅन्ली पार्कमध्ये समुद्रकाठच्या वाटेवर सायकली एकाच दिशेने, घड्याळाच्या उलट, आणि कमाल वेग ताशी १५ आहे. तिथे चालणाऱ्यांना मात्र दिशेचं बंधन नाही, त्यांची पट्टी वेगळी आहे.

---

खडीकाम

युक्ती चांगली, पण त्याची किंमत सांगायला हवी. एकाच दिशेने जाताना वेगातला फरक १५ उणे ५, म्हणजे १०. उलट दिशेने १५ अधिक ५, म्हणजे २०. जवळ येण्याचा वेगही दुप्पट आणि तासाभरात होणाऱ्या भेटींची संख्याही दुप्पट. फायदा हा की प्रत्येक भेट दोघांना दिसते. लांबून दिसणाऱ्या सरळ, रुंद ट्रॅकवर करा. आंधळी वळणं असतील तर करू नका, तिथे २० च्या फरकाने समोरासमोर येणं वाईट.

आणि सायकली एका दिशेला लावल्यावर अडीच किलोमीटरच्या ट्रॅकवर एखाद्याला शंभर मीटर मागे जायचं असेल तर तो पूर्ण फेरी मारणार नाही. तेव्हा "उलट जायचं तर उतरून हातात धरून" एवढा नियम आधीच ठरवा.

---

ब्रेकपॅड

पावसाळ्याबद्दल. रिमवर दाबणाऱ्या ब्रेकला आधी रिमवरचं पाणी पुसावं लागतं. त्यात चाकाचा एखाद-दुसरा फेरा जातो, आणि एक फेरा साधारण २.१ मीटरचा. म्हणजे दोन ते चार मीटर सायकल जवळपास तशीच पुढे जाते, त्यानंतर ब्रेक लागतो. वरच्या २३ मीटरमध्ये हे धरलेलं नाही. उपाय: गर्दी दिसण्याआधीच ब्रेक हलके घासून रिम कोरडी करणं. डिस्क ब्रेकला हा त्रास कमी.

जमिनीचं म्हणाल तर पेव्हर ब्लॉकवरचं शेवाळ, गुळगुळीत कोटा फरशी, जूनमध्ये झाडाखाली पडलेली जांभळं, आणि थर्मोप्लास्टिकचे पांढरे पट्टे, या चारही ठिकाणी वळताना ब्रेक मारला की पुढचं चाक जातं. जांभळाच्या झाडाखालचे वीस मीटर जूनमध्ये रोज झाडले तरी पुरे. पाण्याच्या जाळीच्या पट्ट्या सायकलच्या दिशेला आडव्या हव्यात, उभ्या असतील तर अरुंद टायर अडकतो.

भाड्याच्या सायकलींवर विशेष लक्ष द्या. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीकडे जाताना चढ, येताना उतार. पाच टक्क्यांच्या उतारावर ब्रेकच्या ताकदीतून, म्हणजे वर धरलेल्या दर सेकंदाच्या ३ मधून, अर्धा तसाच वजा होतो, म्हणून २५ च्या वेगात नुसतं ब्रेकचं अंतर ८ वरून ९.६ मीटर होतं. हे दोन्ही ब्रेक नीट असताना. भाड्याच्या सायकलचा पुढचा ब्रेक बरेचदा ढिला असतो आणि फक्त मागच्यावर थांबायला जवळपास दुप्पट अंतर लागतं. घेताना एवढं बघा: लिव्हर पूर्ण दाबल्यावर ती आणि हँडल यांच्यात दोन बोटं जागा उरली पाहिजे, आणि पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे ढकलली तर मागचं चाक उचललं गेलं पाहिजे.

---

टिंगटिंग

वेग मोजायचा कसा पण? समितीकडे रडारगन नसते.

---

डुरंटा_कापा

खडू आणि मोबाइल पुरतो. सरळ भागात टेपने २० मीटर मोजून दोन आडव्या खुणा करा. पहिल्या खुणेला पुढचं चाक लागलं की स्टॉपवॉच सुरू, दुसरीला बंद. ७२ भागिले सेकंद म्हणजे ताशी किलोमीटर. ४.८ सेकंद आले तर १५, ३.६ आले तर २०, २.९ च्या आत आला तर तो २५ च्या वर आहे.

चाळीस सायकली मोजा, कमी वेगापासून जास्तीकडे मांडा आणि चौतिसावा आकडा घ्या. तो ८५ टक्क्यांचा वेग, म्हणजे शंभरातले पंच्याऐंशी जण त्या वेगाने किंवा त्याहून हळू जातात. आराखडा त्यावर बेततात. सरासरी सांगू नका, सरासरीत पाच वर्षांची पोरं मिसळलेली असतात. मोजणारा झाडामागे बसावा. बिल्ला लावून उभा राहिला की सगळे संत होतात. त्याच वेळी दुसऱ्याने दर पंधरा मिनिटांना चाकं आणि पायी माणसं वेगवेगळी मोजावीत. शनिवार-रविवार आणि एक कामाचा दिवस. एवढा कागद असला की महापालिकेच्या उद्यान विभागाशी बोलणं वेगळ्या पातळीवर जातं.

---

साखळी_उतरली

प्रवेशद्वारावर नागमोडी लोखंडी अडथळे लावले की वेग आपोआप मरतो, आणि स्कूटरही आत येत नाहीत.

---

खडीकाम

व्हीलचेअरही येत नाही, बाबागाडीही नाही. व्हीलचेअरला ९० सेंटिमीटर मोकळे हवेत. स्कूटर ७० ची. म्हणजे व्हीलचेअर जाईल त्या फटीतून स्कूटर जाणारच. लोखंडाला माणूस ओळखता येत नाही. स्कूटर अडवायची तर फाटकावर माणूस लागतो.

तरीही अडथळे लावायचेच असतील तर खांब मधोमध एकच, दोन बाजूंना दीड-दीड मीटर, उंची एक मीटरपर्यंत, वर परावर्तक पट्टी. वेगासाठी ट्रॅकवर रबरी पट्ट्या ठोकू नका. पहाटे त्या दिसत नाहीत, सायकलवाला पडतो, आणि म्हातारे ठेचकाळतात. रुंद, गोलसर उंचवटा करा. दोन-तीन मीटर लांब, ५-६ सेंटिमीटर उंच, कडा हळूहळू चढणाऱ्या. १५ ने जाणाऱ्याला जाणवत नाही, २५ वाल्याचं बूड उडतं.

---

कलम_कसाई

ई-बाइकबद्दल गैरसमज फार आहेत. २५० वॉटच्या आतली मोटर आणि ताशी २५ च्या आतला वेग असेल तर नियमांनुसार ती मोटार वाहन नाही, नंबरप्लेट लागत नाही. त्यापलीकडची असेल तर ती मोटार वाहनच, तिला नोंदणी, विमा, परवाना सगळं लागतं आणि बागेत तिला जागा नाही. "पॅडल आहे म्हणजे सायकल" हा युक्तिवाद टिकत नाही.

सायकलच्या धडकेत इजा झाली तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जाता येत नाही, कारण साधी सायकल मोटार वाहन नाही आणि तिला तृतीय पक्ष विमाही नसतो. नुकसानभरपाईसाठी दिवाणी दावा. फौजदारी बाजूने १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता: बेदरकारपणे वाहन हाकण्याचं कलम २८१ आणि इतरांचा जीव धोक्यात घालण्याचं कलम १२५. २८१ ला सार्वजनिक मार्ग लागतो, बागेतली वाट त्यात बसते का यावर वकील भांडतील. १२५ ला ती अट नाही.

---

खुबा

धडक झाल्यावरचं थोडक्यात. साठीपुढचा माणूस कुशीवर पडला, उठता येत नाही, एक पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसतोय, तर खुब्याचं हाड मोडलं असं धरा. बाकड्यावर उचलून बसवू नका. तिथेच सावली करा, १०८ ला फोन करा, पाणी-चहा देऊ नका, शस्त्रक्रिया लागू शकते. हात टेकून पडले असतील तर मनगट बघा.

डोकं आपटलं असेल तर एक प्रश्न नक्की विचारा: रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का? असेल तर "मला काही झालं नाही" असं ते म्हणाले तरी रुग्णालयात न्या. आतला रक्तस्राव काही तासांनी दिसतो. सायकलवाल्याकडेही बघा, अचानक ब्रेक मारून तो हँडलवरून गेलेला असतो आणि त्याच्याभोवती फक्त ओरडणारे उभे असतात.

---

पूर्वकिनारा

रुंदी वाढवली की प्रश्न मिटतो असं वर ध्वनित झालं, त्याला एक उलटं उदाहरण. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधला वळसा जवळपास १० किमीचा, चांगला रुंद. २०१४ मध्ये तिथे सायकलची धडक बसून दोन पादचारी दगावले. त्याच वर्षी तिथली वेगमर्यादा ताशी २५ मैलांवरून २० वर आणली. जून २०१८ पासून तिथे मोटारी पूर्ण बंद आहेत, तरी ओलांडण्याच्या जागांचा वाद चालूच आहे. रुंद, गुळगुळीत आणि उताराचा रस्ता मिळाला की सायकल पळतेच. रुंदी शेजारून जाण्यासाठी उपयोगी, आडवं ओलांडणाऱ्यासाठी ती उलट तोट्याची. ताशी चार किलोमीटरने चालणाऱ्या आजींना अडीच मीटर ओलांडायला सव्वादोन सेकंद लागतात, सहा मीटरला साडेपाच.

---

पायवाट

म्हणजे ओलांडण्याच्या जागी वाट अरुंद करायची, बाकी रुंद ठेवायची. बरोबर?

---

खडीकाम

बरोबर. दोन्हीकडून कुंड्या नकोत, कर्बच आत घ्या. कुंडी महिन्याभरात सरकते आणि तिच्यात वाढलेलं झाड नेमकं लहान मुलाच्या उंचीचं असतं.

---

प्रदक्षिणा

वेळा वाटायच्या असतील तर पहाटे पाच ते साडेआठ आणि संध्याकाळी पाच ते आठ फक्त पायी, मधल्या वेळेत सायकली. पण पोरांना शाळेच्या दिवशी मधली वेळ मिळत नाही, म्हणून संध्याकाळी चार ते पाच त्यांच्यासाठी राखा, चाक वीस इंचापर्यंत. वय विचारत बसण्यापेक्षा चाक मोजणं सोपं. फाटकाच्या खांबावर जमिनीपासून २० इंचांवर रंगाची खूण करा. चाक खुणेच्या वर गेलं की रखवालदाराला वाद घालावा लागत नाही.

---

ब्रेकपॅड

२० इंची सायकलचं चाक टायरसकट खुणेच्या थोडं वर जाऊ शकतं. रुंद टायर असेल तर वीस-सव्वावीस भरतं. खूण २१ वर करा, नाहीतर पहिल्याच दिवशी रडारड.